न तापणारी मोटार

“आमची मोटार तापत नाही.”

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ही मंडळी मला पाहायला वाशीहून पुण्याला आली होती. माझ्या बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, की प्रवासात त्रास नाही ना झाला, जुनी गाडी, त्यातून घाट, तापली वगैरे असेल. बाबा आपले काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते. पण समोरच्या गृहस्थांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली, चष्मा सारखा केला, वरचं वाक्य ऐकवलं आणि बशी पुन्हा उचलली. माझं शिक्षण, बँकेतली नोकरी, स्वयंपाक यांबद्दल त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. निघायच्या आधी मात्र म्हणाले, “चल, तुला मोटार दाखवतो.” मुलाने आणि मुलीने चार शब्द एकांतात बोलावेत म्हणून वडीलधाऱ्यांनी जी पाच मिनिटं राखून ठेवली होती, ती आम्ही तिघांनी बॉनेटखाली डोकं घालून काढली. सुधीर, म्हणजे माझा होणारा नवरा, तेव्हा ओशाळून हसला आणि मी त्या हसण्याला होकार दिला.

घरात त्यांना सगळे नाना म्हणत. वाशीच्या आमच्या सोसायटीत ते ‘मोटारवाले नाना’ होते, कारण तळमजल्यावर पेन्शनवाले नाना आधीपासून होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी फोरमन म्हणून आयुष्य काढलं. कारखान्यातला एक पारशी साहेब मुलाकडे परदेशी गेला तेव्हा जाताना त्याने ही मोटार नानांना विकली. रंग फिकट हिरवा, पाठ गोलसर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढे तिघं बसतील अशी सलग सीट. वायपर मनात आलं तर चालत. मॉडेल कुठल्या सालचं, असं कुणी विचारलं की नाना म्हणत, “माझ्या लग्नाच्या आधीचं.” हे ऐकून सासूबाई दर वेळी स्वयंपाकघरात निघून जात. गाडी हा शब्द त्यांना चालत नसे. गाडी भाजीची असते, म्हणत.

मोटार तापत नाही, यात चमत्कार काही नव्हता. नाना तिला तापूच देत नसत. काटा निम्म्याच्या वर सरकायच्या आत ते सावली बघून थांबायचे, बॉनेट उघडायचे, घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाट बघायचे, मग फडक्याने धरून झाकण काढायचे आणि पाणी घालायचे. “तापल्यावर कुणीही थांबतो. तापायच्या आधी थांबायचं, त्याला ड्रायव्हर म्हणतात,” हे त्यांचं म्हणणं. तीस वर्षांत ही मोटार एकदाही वाफा सोडत रस्त्यात उभी राहिलेली नाही, हे ते अनोळखी माणसालाही दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगत. माणसं मानपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात. नानांकडे भिंतीवर लावायला काही नव्हतं, हे एवढंच होतं.

हाच नियम ते स्वतःलाही लावायचे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा घरी आले आणि म्हणाले, “नाना, आता बिल्डिंगमध्ये नवीन गाड्या यायला लागल्यात, तुमचं ते जुनं जरा दुसरीकडे लावलंत तर सगळ्यांचंच टेन्शन जाईल.” नानांचे कान लाल झालेले मी पाहिले. ते उठले, “आलोच,” म्हणाले, खाली गेले आणि पिवळ्या फडक्याने मोटार पुसत बसले. वीस मिनिटांनी वर येऊन त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत उत्तर दिलं. तोवर सेक्रेटरी चहा घेऊन निघून गेले होते, पण नानांनी उत्तर दिलंच, आम्हाला दिलं. घरात सासूबाईंशी काही वाजलं तरी हेच. नाना चपला घालायला लागले की त्या आतून म्हणत, “जा, पाणी घालून या.” ते कुणाला घालायचं, हे दोघांनाही ठाऊक असे.

रविवारी सकाळी नाना मासळीसाठी बेलापूरच्या खाडीवर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जायचे. वाशीत मासळी मिळत नव्हती अशातला भाग नाही, पण मोटारीला फिरवून आणायला निमित्त लागे. एका रविवारी दिवाळ्याच्या दोघी कोळणींची बस चुकली म्हणून नानांनी त्यांना पाट्यांसकट मोटारीत घेतलं. वाटेत नेहमीप्रमाणे थांबून पाणी घातलं. त्यातली एक म्हणाली, “नाना, ही मोटार हाय का म्हैस? सारका पानीच पिते.” नानांनी हा किस्सा घरी येऊन स्वतःच सांगितला आणि पोट धरून हसले. मोटारीला मात्र महिनाभर वास येत राहिला आणि सासूबाई महिनाभर बसने देवळात गेल्या.

आता दगडांबद्दल सांगायला हवं. नानांना रस्त्यात पडलेला दगड पाहवत नसे. जुन्या पुणे रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको, की घाटात ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चाकामागे दगड लावतो, चार दगड मागे रस्त्यात मांडून ठेवतो, आणि ट्रक सुरू झाला की दगड तसेच टाकून निघून जातो. मागून येणाऱ्याने आपलं नशीब बघावं. नाना असा दगड दिसला की मोटार कडेला घ्यायचे. मागचे हॉर्न वाजवून बेजार होत, पण हे शांतपणे उतरून हात दाखवत रहदारी थांबवायचे, दगड उचलून कठड्याशी नेऊन ठेवायचे आणि हात झटकत परत यायचे. एकदा त्यांनी कळंबोली ते खोपोली एवढ्यात नऊ दगड उचलले. लग्नानंतर पहिल्यांदा या प्रवासाला निघाले तेव्हा मला वाटलं, माणूस भला आहे, जरा चक्रम आहे. सुधीर हळूच म्हणाला की लहानपणापासून तो हेच बघत आला आहे आणि कारण विचारायचं त्याने केव्हाच सोडून दिलं आहे.

मोटारीच्या प्रवासात प्रत्येकाला काम असे. पाण्याचा कॅन सुधीरकडे. सासूबाईंकडे चहाचा थर्मास, घाटातल्या शिंगरोबाला टाकायचं नाणं आणि इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर गारव्यासाठी ठेवायचं ओलं फडकं. घाटात नाना अर्ध्या वाटेवर हमखास थांबायचे आणि तेव्हा मागच्या चाकाला दगड लावावा लागे, कारण हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. हँडब्रेक माणसाने केलेला आहे, म्हणत. हे दगडाचं काम इतकी वर्षं सुधीरकडे होतं. मी घरात आले आणि ते त्यांनी मला दिलं. बँकेत लोकांच्या सह्या तपासणारी मी, आणि मला दगड. मी फुरंगटून बसले. तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अगं, मला इतक्या वर्षांत दिला नाही त्यांनी दगड.

काम सोपं नव्हतं. निघताना नाना क्लचवर मोटार धरून ठेवत, ती चार बोटं पुढे सरकली की दगड काढायचा, कठड्याशी नेऊन ठेवायचा, आणि पळत येऊन उघड्या दारातून आत बसायचं. घाट संपून वर खंडाळ्याला पोचलो की नाना हजेरी घ्यायचे. “पाणी?” “भरलं.” “फडकं?” “काढलं.” “दगड?” “उचलला.” मगच ते गिअर बदलायचे. ही हजेरी कधी चुकली नाही. उत्तरही कधी चुकलं नाही, फक्त एकदा, आणि ते माझं.

माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजूचा, साखरपुडा पुण्यात होता. मुहूर्त सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांचा. होणाऱ्या जावयाची अंगठी वाशीच्या आमच्या ओळखीच्या सोनाराने घडवली होती आणि ती माझ्या पर्समध्ये होती. त्यामुळे आम्ही पोचल्याशिवाय काही होणार नव्हतं. मुलाकडची मंडळी वेळेला काटेकोर आहेत, असं बाबांनी मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. सहाला वाशीहून निघालो. पनवेलला हवा भरण्यात वेळ गेला आणि खोपोलीखाली ट्रकांची रांग लागली होती. घाट चढायला लागलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि मी दर वळणावर घड्याळ बघत होते.

शिंगरोबाच्या देवळापाशी मोटार हळू झाली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवून जिवाला मुकलेल्या त्या धनगराला प्रत्येक ड्रायव्हर नाणं टाकतो. सासूबाईंनी टाकलं. तिथेच कडेला एक स्कूटर उभी होती. नवरा प्लग काढून साफ करत होता, बायको शेजारी, आणि पिवळी टोपी घातलेला चारेक वर्षांचा मुलगा हँडल धरून पुढे उभा, स्कूटर चालवत असल्यासारखा तोंडाने आवाज काढत होता. नानांनी मदत हवी का म्हणून विचारलं, त्या माणसाने हसून नको म्हणून हात हलवला. पुढच्या दोन वळणांनंतर आमची नेहमीची जागा आली. नाना थांबले. मी दगड लावला. गर्द निळी पैठणी नेसले होते मी त्या दिवशी, आणि दगड होता चिखलाने बरबटलेला, एका बाजूला पिवळा रंग लागलेला, जुन्या मैलाच्या दगडाचा तुकडा असावा.

पंधरा मिनिटं झाली. नानांनी पाणी घातलं, सगळे बसले, मोटार चार बोटं पुढे सरकली. मी वाकले. तेवढ्यात मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत आला, पैठणीचा काठ माझ्या चपलेत अडकला, नऊ वाजलेले दिसले, आणि मी तशीच धावत जाऊन मोटारीत बसले. दगड राहिला. विसरले, असं म्हणायला मला आवडेल. पण मी विसरले नव्हते. मी तो सोडला.

खंडाळ्याला हजेरी झाली. पाणी, फडकं. “दगड?” मी म्हणाले, “उचलला.” नानांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं नाही, काही नाही, गिअर बदलला. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, तेच मला सोसेना. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांवरून जात होतो. एका दुकानासमोर एक मूल बापाच्या खांद्यावर बसलं होतं, आणि मला ती पिवळी टोपी आठवली. ती स्कूटर आमच्या मागे होती. अजून वर आलेली नव्हती. प्लग बसवून तो माणूस निघाला असेल, वळण घेईल, आणि वळणाच्या लगेच पुढे माझा दगड.

“नाना,” मी म्हणाले, “दगड तिथेच आहे.”

नानांनी पुढच्या मोकळ्या जागी मोटार वळवली. रागावले नाहीत, मागे वळून बघितलंही नाही. सुधीर घड्याळाकडे बघत हलकेच म्हणाला, की मुहूर्त चुकेल. नाना म्हणाले, “चुकेल.” आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच घाटाच्या दिशेने मोटार जोरात सोडली.

खंडाळ्याच्या अलीकडे समोरून ती स्कूटर येताना दिसली. पिवळी टोपी पुढे उभी, तोंडाने आवाज चालूच असावा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पुढे वाकून म्हणाले, “नाना, ती बघा, ती स्कूटर आली. सुखरूप आहेत. आता वळू या ना, अजून वेळेत पोचू.”

नाना म्हणाले, “ती आली. तिच्यामागून कोण येतंय, तुला ठाऊक आहे?”

खाली उतरताना पलीकडच्या बाजूला दगड दिसला. वर येणारे ट्रक वळण घेऊन एकदम त्याच्यासमोर येत आणि तो चुकवायला रस्त्याच्या मधोमध सरकत होते. एक टेम्पो आमच्या इतका जवळून गेला की सासूबाईंनी डोळे मिटले. नानांनी शिंगरोबापर्यंत जाऊन मोटार वळवली, पुन्हा चढ चढला आणि दगडाच्या थोडं अलीकडे कडेला घेतली. आता पंचाईत अशी, की दगड उचलायला मोटार उभी करायची, आणि मोटार उभी करायची तर चाकाला दगड हवा. सुधीरने धावत जाऊन दुसरा दगड शोधून लावला. नाना उतरले आणि वळणावर उभे राहून पिवळं फडकं हलवत त्यांनी वाहनं थांबवली. मी पैठणीसकट वाकून तो मैलाचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि कठड्याशी नेला. काठाला पिवळा रंग लागला, तो आजही आहे. “आता दोन उचलायचे आहेत,” नाना सुधीरला ओरडून म्हणाले, “मोज.”

मी रडत होते. नानांनी हात पुसायला फडकं दिलं आणि कठड्याला टेकून उभे राहिले. एवढा उशीर झालेला, तरी त्यांनी तिथे पाच मिनिटं घेतली. बोलताना ते माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होते.

“सुधीर झाला तेव्हा ही पुण्याला माहेरी होती. तार आली, मी एकटाच निघालो. इथेच कुठेतरी थांबलो. दगड लावला, पाणी घातलं आणि सुटलो. दगड काढायला कुणी नव्हतं आणि मला धीर नव्हता. पोराला हातात घेतलं आणि आठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून इथे आलो. दगड नव्हता. रस्त्यात काच पडली होती आणि एका पायातली चप्पल.”

सुधीर दगड हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या जन्माची ही बाजू त्याने कधी ऐकलेली नव्हती.

“खोपोलीत चार ठिकाणी विचारलं. कुणी म्हणालं काही झालं नाही, कुणी म्हणालं एक ट्रक धडकला. ती काच माझ्या दगडाने फुटली की आधीची होती, मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, काहीही कळलं असतं तरी.” मग त्यांनी घड्याळ बघितलं. “चला. तुझा तरी मिळाला.”

पुण्यात पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजत होते. कार्यालयाच्या दारात बाबा फेऱ्या घालत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मंजू आतल्या खोलीत डोळे पुसत बसली होती. मुलाचे काका, म्हणजे तिकडचे कर्ते पुरुष, दारातच उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ आमच्यासमोर धरलं आणि विचारलं, की वेळेची किंमत तुमच्याकडे नाही का. मी सांगायला तोंड उघडलं. खरं ते सांगायचं ठरवूनच उतरले होते. एक दगड सोडला, खोटं बोलले, परत गेलो, असं. नव्या नात्याच्या दारात, माझ्या बाबांच्या समोर.

नाना माझ्या पुढे झाले. त्यांनी हात जोडले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मोटार तापली. घाटात बंद पडली. जुनी झाली आता.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना कुठे लागलंय. सुधीरच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स कलला. मी तिथेच उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही.

गुरुजी चांगले होते. ते म्हणाले, अभिजित मुहूर्त अजून आहे, बसवा मुलीला. साखरपुडा झाला. अंगठी बरोबर बसली. जेवताना मुलाचे काका नानांच्या शेजारी पानावर बसले आणि जिलबीपासून मठ्ठ्यापर्यंत त्यांनी नानांना समजावलं, की हल्ली किती चांगल्या गाड्या निघाल्या आहेत, हप्त्यावर मिळतात, घाटात असलं डबडं घालणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे. तापणारी गाडी माणसाने दारात ठेवू नये. नाना मान हलवत होते. “बघू या,” म्हणत होते. मी वाढायला फिरत होते. त्यांच्या पानाशी आले तेव्हा त्यांचे कान लाल झालेले दिसले. पण ते उठून खाली गेले नाहीत.

निघताना मी बाहेर आले तर नाना मोटारीपाशी उभे होते. बॉनेट स्वतःच्या रुमालाने पुसत होते. मी विचारलं, की नाना, खोटं का बोललात.

“तू उचलला म्हणालीस, मी तापली म्हणालो. फिटंफाट.” मग रुमाल घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “तुझं खोटं रस्त्यात पडून राहिलं असतं. माझं कार्यालयात राहील. कुणाच्या चाकाखाली येत नाही ते. राहू दे तिथेच.”

म्हणून राहू दिलं. पण खोटं कार्यालयात राहिलं नाही, ते पुण्याच्या नातेवाइकांत घरोघर फिरलं. मंजूच्या लग्नात, तिच्या मुलाच्या बारशाला, प्रत्येक कार्यात कुणीतरी विचारायचंच, “काय नाना, मोटार आज तापली नाही ना?” सगळे हसायचे. नानाही हसायचे. अनोळखी माणसाला तीस वर्षांची गोष्ट सांगणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. ते वर्षभराने माझ्या लक्षात आलं. दर कार्याला मी ठरवून जायची, की आज सांगायचं, आणि दर कार्याला नाना लांबून माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्यांच्या त्या मानेआड मी लपले, हेही खरं. मला ते सोयीचं होतं.

त्यांनी मला मोटार शिकवली. सुधीर कधी नीट शिकला नाही, त्याला बस आवडते. पामबीच रस्त्याला तेव्हा रहदारी नव्हती, तिथे मी क्लच धरायला शिकले. पहिल्यांदा एकटीने बेलापूरला जाऊन आले तेव्हा त्यांनी खिडकीतूनच विचारलं, “काटा?” मी म्हटलं, निम्म्याच्या खाली. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वेगळं पिवळं फडकं आणून दिलं.

नवा मोठा रस्ता व्हायला लागला तेव्हा नाना मला घेऊन कळंबोलीला काम बघायला गेले. तिथल्या एका तरुण इंजिनिअरने कौतुकाने सांगितलं, की काका, दोन-अडीच तासांत पुणं, मध्ये कुठे थांबायचं कामच नाही, थांबायला मनाईच आहे. नानांनी खूप वेळ त्या उकरलेल्या मातीकडे बघितलं. परत येताना म्हणाले, “थांबायला मनाई. मग माणसं तापायच्या आधी करणार काय?” तो रस्ता पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. त्याच वर्षी, दिवाळीनंतर, दुपारच्या झोपेतच ते गेले. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. आदल्या दिवशीच मोटार धुतली होती.

तेराव्याला पुण्याची सगळी मंडळी आली. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसली होती. खाली त्यांच्या नव्या गाड्या लागल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ताडपत्रीखाली मोटार. मंजूचे ते चुलत सासरे आता थकले होते, काठी घेऊन आले होते. माणूस वाईट नाही. नानांच्या फोटोकडे बघत ते गहिवरून म्हणाले, “फार सरळ गृहस्थ. साखरपुड्याला मोटार तापली घाटात, बंद पडली, तर दारात हात जोडून उभे. आमच्या अजून डोळ्यांसमोर आहे.” दोघं-तिघं आठवण येऊन हसले, प्रेमानेच हसले.

मी फोटोकडे पाहिलं. लांबून मान हलवणारं आता कुणी नव्हतं. माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

“काका,” मी म्हणाले, “त्या दिवशी मोटार तापली नव्हती. ती कधीच तापली नाही.”

हॉलमध्ये सगळे थांबले. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मंजू बघायला लागली. सासूबाई तेरा दिवसांत कुणाशी धड बोलल्या नव्हत्या, फोटोपाशी भिंतीला टेकून बसून होत्या. त्यांनी निरांजनाची वात सारखी केली आणि सरळ होऊन बसल्या.

“सांग,” त्या म्हणाल्या. “सहाला वाशीहून निघालो, तिथपासून सांग. आणि दगडाचं आधी सांग.”